बोट बंद पडते ती मे महिन्यात

वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी तालुक्यात येतात, भोजजवळ एक होतात आणि पुढे कल्लोळ-येडूरच्या परिसरात कृष्णेला मिळतात. वर घाटमाथ्यावर पावसानं दोन-चार दिवस जोर धरला की या पट्ट्यातले बंधारेवजा पूल एकामागून एक पाण्याखाली जातात : जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड. बहुतेक वर्षी तेवढ्यावर भागतं, लोक लांबचा वळसा घालून जातात. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै मात्र वेगळे होते. दोन्ही वेळा यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. अशा वेळी मळ्यातल्या वस्तीवर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायला बोटच लागते, आणि प्रवाहाला तोंड द्यायला बोटीच्या मागं लटकवलेलं इंजिन लागतं. आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदांत त्याला ओबीएम म्हणतात. नदीकाठाला ते नुसतं 'इंजिन'.

हे इंजिन वर्षातले थोडे दिवस चालतं आणि उरलेलं वर्ष कोपऱ्यात पडून असतं. ज्या दिवशी ते लागतं त्या दिवशी मात्र दुसरा पर्याय नसतो. आणि पडून राहिलेलं इंजिन ऐनवेळी रुसतं तेव्हा दोष बहुतेकदा इंधनाच्या वाटेत असतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत हातभर वाट, पण अडायच्या जागा तिच्यात पुष्कळ.

निपाणीत यावरून मामा-भाच्याचा वाद झाला, त्याला मी हजर होतो. मामांची हयात नदीकाठच्या शेतीपंपांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. पाणी चढायला लागलं की काठावरच्या मोटारी वर काढायला आणि उतरलं की गाळ धुऊन त्या परत चालू करायला आसपासची गावं त्यांनाच हाक मारतात. भाचा बेळगावात डिप्लोमा करून गोव्याला गेला. पणजीत मांडवीवर पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींच्या इंजिनांची देखभाल त्याच्याकडे आहे. नावांची इथं गरज नाही. एका गावच्या तरुण मंडळानं आपलं इंजिन मामांच्या गॅरेजात आणून टाकलं होतं : चाळीस हॉर्सपॉवरचं, दोन स्ट्रोकचं, गेल्या पुरानंतर कुणाचा हात न लागलेलं.

मामा : चालू हुतंय आनी मिनिटात बसतंय. चोक ओढला की घेतंय, चोक सोडला की बसतंय. कारबेटर खोलायचा, दुसरं काय न्हाई.

भाचा : खोलू की. पण सगळ्यांत शेवटी. मामा, टाकीच्या झाकणावरचा स्क्रू बघितला का तुम्ही?

मामा : त्येचा काय संबंध?

भाचा : टाकी गाडीतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात. बोटीत ठेवल्यावर उघडायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येईनासं होतं. इंजिन पाच मिनिटं झकास चालतं आणि नदीच्या मध्यावर बसतं. लोक प्लग काढतात, कार्बोरेटर खोलतात, आणि दोष असतो त्या बोटाएवढ्या स्क्रूत.

मामा : बरं, उघडा हाय तो. पुढं?

भाचा : पुढं नळीतला रबरी फुगा. तो दाबून बघायचा. कडक झाला तर वाट ठीक. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठंतरी हवा ओढतोय : जोडणीतली ओ-रिंग गेली असेल, नळी चिरली असेल, नाहीतर फुग्याच्या आतला व्हॉल्व्ह बसत नसेल. कडक होत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर वाहतंय, तर फ्लोटची निडल अडकलीय. इंजिन चालू असताना फुगा चपटा होऊन आत ओढला गेला, तर मागून येतच नाही. टाकीतली जाळी तुंबलीय किंवा तो स्क्रू बंद आहे. आणि इंजिन मरायला लागल्यावर फुगा दाबत राहिलं की जगतं, हात काढला की मरतं, असं झालं तर इंजिनावरच्या पंपाचा डायफ्रॅम बघायचा. एक पाना न लावता एवढं कळतं.

ही तपासणी मामांनी मुकाट्यानं करू दिली, आणि माझ्या मते या सबंध वादातलं पुरात सगळ्यांत उपयोगी पडणारं बोलणं हेच. त्याला हत्यार लागत नाही, उजेड लागत नाही, मिस्त्रीही लागत नाही. रात्री पावसात भिजलेल्या अठरा वर्षांच्या पोरालाही ते जमेल. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना, एवढं त्याला आधी दाखवून ठेवलं म्हणजे झालं.

या इंजिनात मात्र फुगा कडक होत होता, नळी धड होती, जाळी साफ होती. म्हणजे मामांचाच अंदाज बरोबर निघाला.

मामा : सांगत हुतो न्हवं? चोकवर चालतंय आनी चोक सोडला की मरतंय, तर बारकं जेट बंद. मंद चालताना पेट्रोल त्या बारक्या भोकातनं येतंय. मोठं जेट तुंबलं असतं तर चालू राहिलं असतं, पर रेस घेतली नसती. हे मोटारसायकलीला तसंच, हितं तसंच.

कार्बोरेटर खोलला. वाटीच्या तळाला पिवळसर तपकिरी चिकटा, सुकलेल्या डिंकासारखा, आणि बारक्या जेटचं भोक उजेडाकडे धरूनही दिसेना. मामांनी ब्रेकच्या केबलची एक तार उचलली. भाच्यानं त्यांचा हात धरला.

भाचा : ती तार नको. पोलादाची आहे, जेट पितळेचं आहे. भोक केसभर मोठं झालं तरी पेट्रोलचं माप बिघडतं. आधी क्लीनर मारू, तासभर भिजू दे, मग कॉम्प्रेसरची हवा.

मामा : आनी काठावर कॉम्प्रेसर आनतोस कुठनं? लाईट तर पुराच्या आधीच गेल्याली असती.

भाचा : काठावर विजेच्या वायरीतला तांब्याचा एक धागा चालेल. तांबं मऊ असतं, पितळ कुरतडत नाही. पण इथं, गॅरेजात, कॉम्प्रेसर असताना तार कशाला?

यावर मामा बोलले नाहीत आणि तार बाजूला ठेवली. जेट भिजत पडलं तेवढ्यात भाच्यानं टाकीतलं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढलं आणि खिडकीत ठेवलं. थोड्या वेळानं बाटलीत दोन थर दिसू लागले. वरचा थर पेट्रोलचा आणि दोन-टी ऑईलच्या रंगाचा. खालचा बोटभर थर वेगळा, जवळजवळ पाण्यासारखा.

मामा : बघ. हे इथेनॉल. माझ्या दुकानात कार्बोरेटर घेऊन येनाऱ्या दहा गाड्यांत दोष ह्येचाच. पूर्वीच्या पेट्रोलला काय रोग न्हवता. दोन वर्सं पडलं तरी वास बदलायचा, पर किक मारली की घ्यायचं.

भाचा : निम्मं खरं. जुनं पेट्रोलही उडून जायचं आणि मागं चिकटा ठेवायचं. वाटीतला हा डिंक नुसत्या इथेनॉलचा नाही. इथेनॉलनं वेगळं काय केलं, तर ते पाणी धरतं. टाकीत अर्धी हवा, झाकणाचा स्क्रू वर्षभर उघडा, आपला पावसाळा. ती हवा रात्री गार होते आणि ओल पेट्रोलात उतरते. ठराविक मापापर्यंत इथेनॉल ते पाणी पोटात ठेवतं. माप ओलांडलं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून खाली बसतात. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात साधारण अर्धा टक्का पाणी झालं की हे घडतं. वीस टक्क्यांचं थोडं जास्त सोसतं, पण ओढतंही जास्त.

मामा : म्हंजे तळाला पानी. आनी नळी पेट्रोल वढती ती तळातनंच.

भाचा : आणि खरा धोका त्याच्या पुढं आहे. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच जातं. थर वेगळे झाले की ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं. तळातलं जे ओढलं जातं त्यात ऑईल जवळजवळ नसतंच. इंजिन नुसतं बंद पडलं तर नशीब. तसंच ओढत राहिलं तर पिस्टन जाम होतो.

इथं वाचकाला एक संदर्भ द्यायला हवा. देशात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा 2022 मध्ये गाठला गेला आणि 20 टक्क्यांचा 2025 मध्ये. बोटीच्या इंजिनांच्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं लिहितात. म्हणजे आज पंपावर सहज मिळणारं पेट्रोल आणि या इंजिनाला सांगितलेलं पेट्रोल यांत अंतर आहे. जुन्या नळ्या, ओ-रिंगा, डायफ्रॅम यांचं रबर हे इथेनॉल सोसण्यासाठी केलेलं नसतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. ज्या गावाकडे जुनं इंजिन आहे त्यानं एकदा खर्च करून ही सगळी रबरं नवीन घालावीत, यावर मामा-भाच्याचं दुमत नव्हतं. मामा स्वतः ऊस लावतात. इथेनॉलमुळं कारखान्याकडे पैसा येतो आणि उसाचं बिल वेळेत निघायला मदत होते, हे त्यांना मान्य आहे. मिस्त्री म्हणून त्यांची तक्रार आहे, शेतकरी म्हणून नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मामांकडे या अंतरावर एक उपाय होता. पेट्रोलात पाणी घालायचं, हलवायचं, खाली बसलेलं पाणी-इथेनॉल काढून टाकायचं आणि वरचं 'कोरडं' पेट्रोल वापरायचं. काही गॅरेजवाले हे करतात. भाचा इथं एकदम कडक झाला.

भाचा : अजिबात नाही. इथेनॉलबरोबर पेट्रोलचा ऑक्टेनही जातो. तेल कंपनी मुळातलं पेट्रोल इथेनॉल मिसळायचं धरूनच बनवते. उरलेलं पेट्रोल भारावर ठोकायला लागतं, आणि माणसं भरलेल्या बोटीत, प्रवाहाविरुद्ध, इंजिन पूर्ण भारावरच असतं. शिवाय वरच्या पेट्रोलात थोडं पाणी राहिलंच. आणि उघड्या बादलीत दहा लिटर पेट्रोल ढवळताना कुणी विडी पेटवली तर?

मामा : मग काय करायचं, सांग. दुसरं पेट्रोल हितं मिळत न्हाई.

भाचा : हेच घ्यायचं. फक्त ताजं घ्यायचं.

'ताजं' हा शब्द सोपा वाटतो. वादाचं खरं मूळ तिथं आहे आणि मला त्यावर जरा थांबायचं आहे.

मामांचं मत असं की हंगाम संपला की इंजिन पूर्ण कोरडं करून ठेवावं. पेट्रोलच नाही तर चिकटा कुठून येणार? ते नळी काढून इंजिन चालू ठेवतात, आतलं संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. भाच्याचं म्हणणं, असं केल्यानं वाटी रिकामी होत नाही. तळाला चमचाभर उरतंच, आणि ते नेमकं जेटाच्या तोंडाशी सुकतं. शिवाय संपत आलेल्या पेट्रोलवर इंजिन शेवटी वंगणाविना फिरतं. वाटीच्या खालचा स्क्रू उघडून ती निथळू द्यावी, आणि मग दर पंधरा दिवसांनी ताज्या पेट्रोलवर इंजिन दहा मिनिटं चालवावं. रबर ओलं राहतं, डायफ्रॅम ताठरत नाही, आणि बिघाड झालाच तर उन्हाळ्यात कळतो.

मामा : पंधरा दिवसांनी कोन चालवनार? तू?

भाचा : मंडळातली पोरं.

मामा : पोरं गनपतीला येत्यात, पुराला येत्यात. फेब्रुवारीत इंजिन चालवायला एकबी येनार न्हाई. मी हितं इतकी वर्सं बघतोय. काठावरच्या शेतकऱ्याची मोटार त्येची स्वतःची असती, म्हनून तो पानी चढायच्या आत रात्री बारा वाजता येऊन ती वर काढतो. बोट सगळ्यांची. सगळ्यांची म्हंजे कुनाचीच न्हाई.

भाचा : आमच्याकडं जूनला बोटी बंद होतात, चार महिने पडून असतात. तरी ऑक्टोबरला पहिल्या दोरीला चालू होतात.

मामा : कारन मालकाचं पोट त्यावर हाय.

भाच्याला हे मान्य करावं लागलं. त्याच्या अनुभवाचा आणि निपाणीच्या गरजेचा हंगामच उलटा आहे. गोव्यातल्या पर्यटनाच्या बोटी पावसाळ्यात झोपतात आणि कोरड्या दिवसांत रोज चालतात, त्यामुळं टाकीतलं पेट्रोल कधी जुनं होत नाही. आपल्या बोटी कोरड्या दिवसांत झोपतात आणि पावसात उठतात. तिथली शिस्त मालकाच्या हिशेबानं सांभाळली जाते. इथं ती कुणी सांभाळावी हे ठरलेलंच नाही. यंत्राचा प्रश्न मी ऐकायला बसलो होतो. तो इथं येऊन गावाचा प्रश्न झाला, आणि त्यात मामा बरोबर होते.

पण कोरडं ठेवण्याच्या बाबतीत मी भाच्याच्या बाजूनं आहे, एका दुरुस्तीसह. ऑक्टोबर ते एप्रिल मामांचं ऐकावं : टाकी रिकामी, वाटीचा स्क्रू उघडून निथळलेली, नळी सोडवून सावलीत टांगलेली, प्लगच्या भोकातून थोडं ऑईल आत सोडून दोरी दोनदा ओढलेली. मे ते सप्टेंबर भाच्याचं ऐकावं. फेब्रुवारीत पोरं येणार नाहीत हे खरं, पण वळीव पडायला लागल्यावर येतील.

चाचणीसाठी नदीवर जायची गरज नसते. पाण्याचं मोठं प्लास्टिकचं पिंप, त्यात इंजिनाचा खालचा भाग पंख्याच्या वरपर्यंत बुडवायचा, गिअर न टाकता चालवायचं, आणि मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार पडतेय ना बघायचं. पाण्याबाहेर चालवलं तर आतल्या पाणीपंपाचं रबरी चक्र थोड्याच वेळात करपतं. चाचणी म्हणून कोरडं चालवून इंजिन बिघडवणारेही आहेत, आणि ते दोष पेट्रोलला देतात.

आता साठ्याचा प्रश्न, कारण ताजं पेट्रोल ऐन पुरात मिळत नाही. 2019 ला महामार्ग अडल्यावर कोल्हापुरात पेट्रोलची टंचाई झाली होती. यमगर्णीला रस्ता तुटला की निपाणीच्या एका अंगाला टँकर येणं थांबतं. नदीकाठच्या गावाला तर निपाणीही गाठता येत नाही.

मामा : म्हनून मी म्हनतो, जूनला दोन कॅन भरून ठेवायचे.

भाचा : आणि ते ऑगस्टला वापरायचे? दोन महिन्यांचं, झाकण सैल असलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधलं?

मामा : नसल्यापेक्षा बरं.

भाचा : आत्ता ह्या बाटलीत बघितलं ना काय बरं असतं ते.

दोघांचंही खरं आहे. कायदाही मध्ये येतो : विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच बाळगता येतं. चाळीस हॉर्सपॉवरचं दोन स्ट्रोकचं इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधरा लिटरच्या वर पितं. म्हणजे गावाचा कायदेशीर साठा दोन तासांच्या आत संपतो. बचावकामात इंजिन सतत पूर्ण वेगात नसतं हे धरलं तरी एका दिवसाचं काम होत नाही. त्यापुढचं पेट्रोल तहसीलदार कार्यालयानं पंपाशी आधी बोलून राखून ठेवायला हवं. गावानं सांभाळायचे ते हे तीस लिटर.

यावर भाच्यानं जे सुचवलं ते मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं. पेट्रोल साठवायचं नाही, फिरतं ठेवायचं. पेट्रोलसाठीच बनवलेल्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, वाफेपुरती जागा सोडून गळ्यापर्यंत भरलेलं, ऑईल न मिसळलेलं पेट्रोल ठेवायचं. दर तीन आठवड्यांनी ते मंडळातल्या पोरांच्या मोटारसायकलींत ओतायचं, त्यांनी तितके पैसे द्यायचे, आणि त्याच पैशांत कॅन पंपावर परत भरायचे. वाया काही जात नाही, जुनं काही होत नाही. ऑईल बोट निघताना मिसळायचं. पुस्तिकेत पन्नासास एक लिहिलं असेल तर लिटरला वीस मिलि, चोवीस लिटरच्या टाकीला 480 मिलि. त्यासाठी मापाची बाटली कॅनच्या गळ्यातच बांधून ठेवायची.

मामा : मी जरा जास्तच घालतो. इंजिन टिकावं म्हनून.

भाचा : जास्त ऑईलनं प्लग काळा होतो आणि जेटातून तेवढं पेट्रोल कमी जातं. नव्या इंजिनाला पहिले काही तास दुप्पट ऑईल सांगतात, ते वेगळं. आणि मोटारसायकलचं दोन-टी नको, बोटीच्या इंजिनाचं वेगळं मिळतं. निपाणीत नसेल तर मी पणजीतून पाठवतो.

पेट्रोल टिकवणारं औषध बाटलीत मिळतं त्याचाही विषय निघाला. भाचा ते वापरतो. ते ताज्या पेट्रोलात घातलं तर उपयोग होतो; बिघडलेलं पेट्रोल कशानंही सुधारत नाही. बाटलीतल्या त्या दोन थरांना गाळून, हलवून परत वापरता येत नाही.

भाच्याची शेवटची सूचना मामांना मुळीच पटली नाही आणि मलाही. तो म्हणाला, हे जुनं इंजिन काढा, चार स्ट्रोकचं, इंजेक्टरचं नवं घ्या. कमी पितं, ऑईल मिसळावं लागत नाही, धूर नाही.

मामा : वजन किती?

भाचा : जास्त आहे.

मामा : इंजेक्टरमध्ये पानी गेलं तर हितं कोन खोलनार? मला हा कारबेटर डोळं झाकून खोलता येतोय. ते खोलायला लॅपटॉप लागतोय आनी लॅपटॉपवाला मानूस लागतोय. तो महामार्गाच्या पल्याड असनार.

इंजेक्टरची यंत्रणा चांगली, पण पाणी शिरलेल्या पेट्रोलला ती कार्बोरेटरपेक्षा कमी सोसते. जिथं पेट्रोलचीच खात्री नाही आणि रस्ता तुटलेला असतो, तिथं दोन पान्यांनी खुलणारं इंजिन ठेवणं हा मागासलेपणा नाही. रोज चालणाऱ्या बोटीला भाच्याचं इंजिन द्या, वर्षातून एकदा चालणारीला मामांचं असू द्या.

एवढं सगळं गावानं का करायचं, एनडीआरएफ आहे ना, असं विचारणारेही भेटतात. आहे, आणि तिची माणसं जीव धोक्यात घालून काम करतात हे या पट्ट्यानं पाहिलं आहे. पावसाळ्यात तुकड्या आधीच जिल्ह्यांत आणून ठेवल्या जातात. महाराष्ट्रात तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याची पाचवी बटालियन काम पाहते, कर्नाटकात आंध्रात मुख्यालय असलेली दहावी. मलिकवाड आणि दत्तवाड दूधगंगेच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत, पण एक कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात आणि दुसरं महाराष्ट्रातल्या शिरोळमध्ये. एकाचा मदतीचा निरोप बेळगावला जातो, दुसऱ्याचा कोल्हापूरला. तुकडी पोचेपर्यंतचे पहिले काही तास गावाचे स्वतःचे असतात.

त्या तासांत इंजिन बंद पडलं तर काय, याचंही उत्तर भाच्यानं दिलं, आणि ते दुरुस्तीचं नव्हतं. आधी वल्ही हातात घ्यायची, बोट प्रवाहाला आडवी होऊ द्यायची नाही, झाड किंवा खांब मिळाला तर दोर टाकायचा. मग पंख्यात पाचट, केंदाळ, दोरी अडकलीय का बघायचं, कारण पुराच्या पाण्यात इंजिन बसण्याचं ते मोठं कारण आहे आणि त्याला पेट्रोलशी काही देणंघेणं नाही. मग टाकीचा स्क्रू, मग फुगा. कार्बोरेटर भर पाण्यात खोलायचा नाही. सांडलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळात साठून राहते. टाकी भरायची तीही बोटीतून खाली, जमिनीवर उतरवूनच. बोटीला वल्ही, दोर, आणि जितकी माणसं तितकी जॅकेटं नसतील तर इंजिन कितीही चांगलं असो, ती निघूच नये. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि बायका-मुलं बुडाली. ते दुखणं इंधनाचं नव्हतं, पण बोटीची तयारी नुसत्या इंजिनाशी संपत नाही हे तिथं दिसलं.

मंडळाच्या त्या इंजिनाचं जेट साफ झालं, नळी आणि ओ-रिंगा नव्या घातल्या, टाकी धुऊन वाळवली. ताज्या पेट्रोलवर ते पिंपात चालू झालं आणि चोक सोडल्यावरही चालू राहिलं. मामांनी मजुरी घेतली नाही. भाच्यानं फुग्याची ती तपासणी कागदावर लिहून दिली, पण ती मराठीत. इथल्या काठावर मराठी वाचणारी पोरं आहेत तशी फक्त कन्नड वाचणारीही आहेत, आणि पुस्तिका इंग्रजीत असते. तपासणीचा कागद दोन्ही भाषांत, प्लास्टिकमध्ये घालून, इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला हवा.

निपाणी, चिकोडी, कागल आणि शिरोळ या तालुक्यांतल्या ज्या पंचायतींकडे बोट आहे त्यांना माझी विनंती एवढीच : मे महिन्याच्या आत ग्रामसभेत ठराव करा. इंजिन पिंपात चालवणं, तीस लिटर पेट्रोल फिरतं ठेवणं आणि वहीत तारीख लिहिणं हे काम एका माणसाकडे द्या, त्याच्या जोडीला दुसरा द्या, आणि दोघांना त्याचं मानधन द्या. ठरावात 'संबंधितांनी काळजी घ्यावी' असं लिहू नका. त्या दोघांची नावं लिहा.